माफीच्या साक्षीदारांचा शब्दकोश

१८३० सालच्या ऑक्टोबरात ‘कलकत्ता लिटररी गॅझेट’मध्ये एक निनावी पत्र छापून आलं. जबलपुरात काही ठगांना फासावर चढवलं, त्याची हकिगत त्यात होती. मरायला निघालेली माणसं किती निवांत होती, विंध्याचलच्या देवीचे पुजारी त्यांच्याशी कसे संधान बांधून असतात, आणि सरकारने मनावर घेतल्याशिवाय ही कीड निघायची नाही, असा एकूण सूर. कलकत्त्यातल्या वाचकाला वाटलं असणार की कुणी सुजाण गोरा प्रवासी मध्य हिंदुस्थानातून जाताना हे बघून हळहळला आणि त्याने लेखणी उचलली.

लिहिणारा प्रवासी नव्हता. तो होता कॅप्टन विल्यम स्लीमन. जबलपूर जिल्ह्याचा कारभार त्याच्याचकडे होता, ठग पकडण्याचं काम त्यानेच अंगावर घेतलं होतं, आणि त्या कामाला माणूसबळ आणि पैसा मिळावा ही इच्छाही त्याचीच. सरकारचा मुख्य सचिव जॉर्ज स्विंटन याच्या नजरेखालून ते पत्र गेलं आणि त्याने जबलपूरला एफ. सी. स्मिथकडे विचारणा केली. हा स्मिथ सागर-नर्मदा मुलखातला गव्हर्नर जनरलचा एजंट, ठगांचे खटले ऐकणारा न्यायाधीश आणि स्लीमनचा वरिष्ठ. त्याने योजना धाडली आणि मोहिमेसाठी स्लीमनचं नाव सुचवलं. मागणी कुणाची, तिला लोकमताचा रंग कुणी दिला, ती मंजूर झाल्यावर राबवणार कोण, सगळ्यांचं उत्तर एकच.

मराठी विकिपीडियावर हल्ली असं घडलं तर चावडीवर चांगला धुरळा उडतो. अमुक सदस्य हाच त्या संस्थेचा माणूस आहे, दुसऱ्या नावाने खातं उघडून स्वतःच्याच मागणीला पाठिंबा देतोय, अशी तक्रार येते. प्रचालक अंकपत्ते (आयपी) तपासायला सांगतात, कुणीतरी दुखावून निघून जातं. आम्हा हौशी संपादकांना वाटतं की हा रोग इंटरनेटबरोबर आला. तसा तो आलेला नाही. त्याची एक अस्सल केस तर आमच्या गावातली, जबलपूरचीच आहे, आणि पत्र हा त्यातला अगदीच लहान भाग.

मोठा भाग शब्दकोशाचा.

१८३६ मध्ये कलकत्त्याच्या मिलिटरी ऑर्फन प्रेसमधून ‘रामासीयाना’ हे पुस्तक निघालं. ठगांच्या गुप्त बोलीला रामासी म्हणत, त्या बोलीचा हा कोश. भुर्तोट म्हणजे गळा आवळणारा. सोथा म्हणजे गोड बोलून वाटसरूला टोळीत ओढणारा. बेले म्हणजे मारायची जागा हेरणारा, लुघा म्हणजे पुरण्यासाठी खड्डा खणणारा. बनिज म्हणजे सावज. झिरनी म्हणजे आता आवळा, अशी खूण. एखाद्या धंद्यातली माणसं आपसात बोलतात तसे साधे, कामाचे शब्द. वाचताना अंगावर काटा येतो तो त्या साधेपणामुळे. पुस्तकाचं शीर्षक चांगलं चारपाच ओळींचं आहे. ठगांची रीत सांगणारी प्रस्तावना त्यात येते, आणि सरकारने त्यांच्या बंदोबस्तासाठी केलेले उपायही येतात. कोशाच्या मुखपृष्ठावरच खात्याच्या कामगिरीचा अहवाल.

कोश कुणा एकट्याचा नसतो. या कोशाचे सहलेखक जबलपूरच्या कैदेत होते. ते होते माफीचे साक्षीदार. त्यांच्याशी सौदा सरळ होता. जे माहीत आहे ते सगळं आणि खरं सांगायचं, साथीदारांची नावं द्यायची, पुरलेली प्रेतं दाखवायची. मग फाशी नाही. काही दडवलं किंवा खोटं निघालं तर माफी रद्द. त्यातला सगळ्यांत गाजलेला फिरंगिया, जातीने ब्राह्मण, टोळीचा जमादार, १८३०च्या अखेरीस हाती लागला. त्याला माफी द्यावी की फाशी यावर आधी खल झाला, मग त्याचा उपयोग ध्यानात आला.

आता या मंडळींच्या जागी बसून बघा. नोंद लिहिणाऱ्याचा जीव नोंदीवर अवलंबून आहे. कमी नावं सांगितली तर दडवतोय असा संशय. जास्त सांगितली तर माणूस कामाचा. सांगण्यासारखं संपलं की उपयोगही संपला. आणि समोर बसून लिहून घेणारा जो संपादक, त्याच्या खात्याचं आयुष्यही ठग किती आहेत यावर अवलंबून. ‘एवढेच होते, संपले’ हे वाक्य उच्चारण्यात त्या खोलीतल्या एकाचाही फायदा नव्हता.

स्लीमनला हे कळत नव्हतं असं मात्र मी म्हणणार नाही. माणूस कमालीचा हुशार आणि जिज्ञासू होता (१८२८ मध्ये जबलपूर छावणीजवळच्या टेकडीवर त्याला जी हाडं सापडली ती पुढे डायनासोरची ठरली, त्या प्राण्याचं नाव टायटॅनोसॉरस इंडिकस). त्याने साक्षीदारांना वेगवेगळं ठेवून विचारलं आणि जबान्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. फिरंगियाने एका आमराईत, जिथे स्लीमनचा तंबू ठोकला होता तिथेच जागा दाखवल्या, सकाळी खणलं तर प्रेतं निघाली. आणि सगळ्यांत मोलाचं म्हणजे त्याने प्रश्नोत्तरं छापली. कुठल्या साक्षीदाराने काय सांगितलं, आपण काय विचारलं, नावानिशी. ठग घराण्यांच्या वंशावळीसुद्धा दिल्या.

या छापलेल्या प्रश्नोत्तरांनीच पुढे त्याची पंचाईत केली. १९५९ मध्ये हिरालाल गुप्त या अभ्यासकाने ‘जर्नल ऑफ इंडियन हिस्टरी’त ठगांविषयीच्या इंग्रजी गृहीतकांची झाडाझडती घेतली. १९६९ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाचे अभ्यासक स्टुअर्ट गॉर्डन यांनी माळव्यातल्या ठगांकडे धर्मपंथ म्हणून न बघता त्या काळातल्या लुटारू टोळ्या आणि लहान-मोठ्या सत्तांच्या हिशेबात बघितलं. नंतर राधिका सिंघा, मार्टिन व्हान वुर्केन्स, किम वॅग्नर. यांच्यापैकी कुणी स्लीमनला खोटारडा म्हणत नाही. खून झाले होते, प्रेतं निघाली होती. पण प्रश्न विचारणारा पुन्हापुन्हा देवीकडे कसा वळतो, शकुन-अपशकुनांवर कसा रेंगाळतो, आणि उत्तर देणारा त्याला हवं ते कसं पुरवत जातो, हे सगळं त्याच पानांवर दिसतं. मूळ टिपणं गाळून फक्त निष्कर्ष छापले असते तर आज ही चिकित्सा इतक्या नेमकेपणाने करता आली नसती. हितसंबंध असलेल्या माणसाने वाचकासाठी इतकं केलं तरी पुष्कळ झालं, असं माझं मत आहे.

‘रामासीयाना’तली एक कबुली मला फार आवडते. १८२२च्या सुमारास स्लीमन नरसिंहपूरचा कारभार बघत होता. जिल्ह्यात पान हललं तरी आपल्याला कळतं असं त्याला वाटायचं. पुढे साक्षीदारांकडून समजलं की त्याच्या कचेरीपासून ४०० यार्डांवर, कंदेली गावात, त्या काळात ठगांची एक टोळी राहत होती. साहेबाला पत्ता नव्हता. आता कुणीही म्हणेल, स्वतःच्या नाचक्कीची गोष्ट सांगतोय म्हणजे खरीच असणार. कोर्टातही माणूस स्वतःच्या विरुद्ध बोलला की वजन पडतं. हायकोर्टाच्या गावात राहणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. पण जरा थांबून बघितलं तर या कबुलीतून काय सिद्ध होतं? मी असून मला दिसले नाहीत, म्हणजे ठग साध्या कारभाराला दिसणारच नाहीत, म्हणजे त्यांच्यासाठी वेगळं खातं हवं. नाचक्की आणि वकिली एकाच वाक्यात. विकिपीडियावर कंपन्यांच्या पानात ‘टीका’ नावाचा एक छोटासा विभाग स्वतः कंपनीच्याच माणसाने घातलेला असतो, तो बघितला की मला कंदेली आठवतं.

ज्या वर्षी कोश निघाला त्याच वर्षीचा ३० क्रमांकाचा कायदा. त्याने नियम असा केला की अमुक खुनात हात होता हे दाखवायची गरज नाही. माणूस कधीही ठगांच्या टोळीत होता एवढं सिद्ध झालं की जन्मठेप. आणि टोळीत होता हे सांगणार कोण, तर पुन्हा माफीचे साक्षीदार. बरं, हे साक्षीदार तरी सुटले का? नाही. ते जबलपुरातच राहिले, बायकापोरांसकट. त्यांच्यासाठी ‘स्कूल ऑफ इंडस्ट्री’ उभी राहिली, तिथे तंबू आणि गालिचे तयार व्हायचे. कोशाच्या या योगदानकर्त्यांना मानधन म्हणून आयुष्य मिळालं, मोकळीक नाही.

मग सुरू झाली संदर्भाला संदर्भ लागण्याची साखळी. १८३७ मध्ये ‘एडिंबरो रिव्ह्यू’ने ठगांवर मोठा लेख केला, त्याच वर्षी एडवर्ड थॉर्नटनने लंडनमध्ये पुस्तक काढलं, १८३९ मध्ये मेडोज टेलरची कादंबरी आली. वाचकाला वाटतं इतक्या जणांनी लिहिलंय म्हणजे पुरावा भरभक्कम आहे. उसवून बघावं तर बहुतेक धागे जबलपूरच्या त्याच प्रश्नोत्तरांपाशी जातात. साखळीतली सगळ्यांत अजब कडी १९१६ची. ‘द ट्राइब्ज अँड कास्ट्स ऑफ द सेंट्रल प्रॉव्हिन्सेस ऑफ इंडिया’ या चार खंडांच्या ग्रंथात, गोंड, कोष्टी, कुणबी, तेली या नोंदींच्या रांगेत, ‘ठग’ अशीही एक नोंद आहे. तळटीप प्रामाणिकपणे सांगते की लेख जवळजवळ सगळा स्लीमनच्या कोशावर बेतलेला आहे. पकडणाऱ्या अधिकाऱ्याने मांडलेला गुन्हा ऐंशी वर्षांत जाती-जमातींच्या कोशात जाऊन बसला.

त्या ग्रंथावर दोन नावं आहेत. रॉबर्ट व्हेन रसेल, आयसीएस, आणि त्याला साहाय्य करणारे रायबहादुर हिरालाल, एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर. हिरालाल आमच्याकडचे. १८६७ मध्ये मुडवाऱ्याला जन्मले. मुडवारा म्हणजे आजचं कटनी, तेव्हा जबलपूर जिल्ह्यातच. (वर आलेले हिरालाल गुप्त वेगळे, हे वेगळे.) १९०१च्या खानेसुमारीत आणि नंतर जिल्हा गॅझेटियरांच्या कामात ते रसेलचे उजवे हात होते. शिलालेखांचे जाणकार, मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या कोरीव लेखांची त्यांची यादी आजही अभ्यासकाच्या टेबलावर असते.

हा ग्रंथ कसा तयार झाला ते बघण्यासारखं आहे, कारण आजच्या विकिपीडियाच्या इतकं जवळ जाणारं दुसरं काम त्या काळात मला दिसत नाही. जिल्ह्याजिल्ह्यातून टिपणं मागवली जात. ती पाठवणारे कोण? तहसीलदार, शाळाखात्याचे डेप्युटी इन्स्पेक्टर, मुंशी, वकील, संस्थानांतले दिवाण. पगार सरकारी, हे काम वरकड. आणि यातल्या प्रत्येकाला स्वतःची जात होती.

नेमका काळही नाजूक. १९०१च्या खानेसुमारीत आयुक्त रिस्लेने जातींची सामाजिक उतरंड लावायचं फर्मान काढलं आणि देशभर जातिसभा जाग्या झाल्या. आम्ही अमुक नव्हे, तमुक. आम्हाला वरच्या रकान्यात घाला. पुराणातले आधार, पंडितांची पत्रं, वंशावळी, सगळं जोडून अर्ज. १९११ मध्ये बंगालच्या खानेसुमारी अधिकाऱ्याकडे आलेल्या अशा अर्जांचं वजन दीड मण भरलं, असं त्याने अहवालात नोंदवून ठेवलंय. अर्जातला मजकूर न मोजता कागद तराजूत घालणाऱ्या त्या माणसाची मनःस्थिती मला नीट समजते. विकिपीडियावरच्या कुठल्याही जातीच्या चर्चापानावर एक संध्याकाळ घालवा, तुम्हालाही तराजू हवासा वाटेल.

रसेलने यावर काय केलं? बहुतेक नोंदींच्या तळाशी टीप घातली की हा लेख अमुक जिल्ह्याचे डेप्युटी इन्स्पेक्टर अमुकलाल आणि तमुक तहसीलदार यांच्या टिपणांवरून रचला आहे. एवढंच, पण हे एवढंच फार आहे. लिहिणाऱ्याचं नाव आणि हुद्दा कळला. जात मात्र लिहिलेली नाही. मध्य प्रांतातल्या वाचकाला नावावरून थोडाफार अंदाज यायचा, लंडनच्या वाचकाला मुळीच नाही. आणि पुस्तक छापलं लंडनच्या मॅकमिलनने.

प्रस्तावनेत हिरालाल यांच्याविषयी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. ग्रंथातली बरीचशी मूळ माहिती त्यांनी स्वतः गोळा केली, त्यामुळे लेखक म्हणून त्यांचं नाव असणं हा त्यांचा हक्क आहे, असं रसेल सांगतो. लगेच पुढे हेही सांगतो की जिथे वेगळं नमूद केलेलं नाही तिथे या माहितीवरून काढलेल्या तर्कांची आणि सिद्धान्तांची जबाबदारी त्यांच्यावर नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला यात साहेबी तोरा दिसला: माहिती तुमची, अक्कल आमची. आज दुसरी बाजूही दिसते. त्याच समाजात राहणाऱ्या, उद्या त्याच लोकांच्या लग्नकार्यात जेवायला बसणाऱ्या माणसाला या वाक्याने आडोसा दिला. दोन्ही अर्थ खरे असू शकतात. रसेलला विचारायची सोय नाही. ३० डिसेंबर १९१५ रोजी भूमध्य समुद्रात ‘पर्शिया’ जहाज जर्मन पाणबुडीने बुडवलं, त्यात तो गेला. ग्रंथ बाहेर पडला तो त्याच्यामागे, १९१६ मध्ये.

त्या तळटिपांत एक पोकळीही आहे, आणि ती मला हितसंबंधांच्या सगळ्या चर्चेपेक्षा मोठी वाटते. टिपणं पाठवणारे बहुतेक सगळे शिकलेल्या जातींचे सरकारी नोकर. बैगा, भूमिया, गोंड यांच्यावर पानंच्या पानं आहेत, पण ती लिहिणाऱ्यांत ते नाहीत. स्वतःविषयी लिहू नका, हा नियम ज्याच्या हातात लेखणी आहे त्यालाच लागतो. ज्याच्याकडे ती नाही त्याच्याविषयी सगळं दुसऱ्यांनीच लिहिलेलं असतं, आणि त्याला निष्पक्ष म्हणायची आपल्याला सवय झालेली आहे.

प्रताधिकार संपलेला हा ग्रंथ कधीच नेटवर आला आणि त्यातले परिच्छेद जातींच्या पानांवर उतरले. इंग्रजी विकिपीडियावरच्या अनुभवी संपादकांनी जातींच्या बाबतीत राजवटीच्या काळातले ग्रंथ आधार म्हणून नाकारायला सुरुवात केली, आणि २०१२ पासून दक्षिण आशियातल्या जातींच्या पानांना वेगळे कडक नियम लागू झाले. तरी खेळ चालूच आहे. रसेल सोयीचं बोलला की तो थोर संशोधक, गैरसोयीचं बोलला की वसाहतवादी. आपला तो बाब्या.

विकिपीडियाचा नियम सांगायला सोपा आहे. स्वतःविषयी, घराविषयी, मालकाविषयी, गिऱ्हाइकाविषयी थेट लिहू नका. लिहायचंच असेल तर आपलं नातं उघड करा आणि चर्चापानावर सुचवा. दुसरा कुणी तपासून पानात घालेल. पैसे घेऊन लिहीत असाल तर २०१४च्या जूनपासून वापराच्या अटींतच ते जाहीर करणं सक्तीचं आहे, मराठीतही. गंमत अशी की संस्थापकालाही हे पथ्य पाळणं जमलं नव्हतं. २००५ मध्ये जिमी वेल्स स्वतःच्याच पानावर आपला जुना सहकारी लॅरी सँगर याचं श्रेय कमी करताना सापडला, आणि नंतर ओशाळला. २००७ मध्ये व्हर्जिल ग्रिफिथ या विद्यार्थ्याने ‘विकिस्कॅनर’ काढून कुठल्या कंपनीच्या आणि कुठल्या सरकारी कचेरीच्या संगणकावरून काय बदललं गेलं ते उघड्यावर मांडलं. भारतातलं गाजलेलं प्रकरण २०१५चं. आयआयपीएम या व्यवस्थापन संस्थेच्या पानावरची टीका वर्षानुवर्षं बोथट करत राहिल्याच्या तक्रारींवरून ‘वायफायवन’ नावाच्या प्रचालकाचे अधिकार इंग्रजी विकिपीडियाच्या लवाद समितीने काढून घेतले आणि त्याच्यावर बंदी घातली. म्हणजे पहारेकरीच.

छापील ज्ञानकोशांनी तर हा प्रश्न उलटाच सोडवला होता. १९२६च्या ब्रिटानिकात लेनिनवरचा लेख ट्रॉट्स्कीचा आणि ‘मास प्रॉडक्शन’वरचा लेख हेन्री फोर्डच्या सहीचा. फोर्डचा लेख प्रत्यक्षात त्याच्या पदरी असलेल्या लेखकाने लिहिलेला. पण खाली सही होती, त्यामुळे वाचक काय ते समजून घ्यायचा. विकिपीडियाने सही काढून टाकली आणि तिच्या जागी नियम आणला. सही असती तर बरं झालं असतं, असं मला कधीकधी वाटतं.

जबलपूरशी नातं सांगणारं नव्या काळातलं प्रकरण महर्षी महेश योगींचं. त्यांचा जन्म कुठला यावरच एकमत नाही. कुणी जबलपूर सांगतं, कुणी गाडरवाऱ्याजवळचं चिचली, कुणी रायपूरकडचं पांडुका. त्यांच्या भावातीत ध्यानाच्या इंग्रजी पानांवर इतकी जुंपली की २०१० मध्ये प्रकरण लवाद समितीकडे गेलं. एका बाजूचं म्हणणं, आयोवातल्या फेअरफील्ड इथल्या महर्षींच्या विद्यापीठाशी जोडलेली माणसं पानं ताब्यात ठेवून बसलीत. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, ध्यानावरचं संशोधन आम्ही वाचलंय, तुम्ही वाचलेलं नाही. आदल्याच वर्षी सायंटॉलॉजीच्या प्रकरणात समितीने त्या पंथाच्या मालकीचे सगळे अंकपत्ते सरसकट बंद केले होते. इथे तसा सरसकट बडगा उगारला नाही. पानं विशेष देखरेखीखाली आली आणि वाद पुढे चालू राहिला. मला हा निकाल शहाणपणाचा वाटतो. पंथाच्या माणसाला हाकललं की पक्षपात जातो, पण त्याबरोबर पंथाची आतली माहितीही जाते. मग पान लिहितं कोण? ज्याला ना आस्था ना माहिती, तो. किंवा ज्याला राग आहे, तो. आणि रागाला कुणी हितसंबंध म्हणून तपासत नाही.

आमच्या मराठी विकिपीडियावर मामले लहान असतात. कुणी कवी स्वतःचं पान काढतो आणि ‘उल्लेखनीयता’ हा शब्द ऐकून संतापतो. एका शिकवणीवर्गाच्या माणसाने जबलपूरच्या पानात ‘शिक्षण’ या मथळ्याखाली फक्त आपल्या वर्गाचं नाव आणि फोन नंबर ठेवला होता; तो काढला की दर सोमवारी परत. असल्यांचं अवघड नसतं. अवघड असतात ती खरं जाणणारी माणसं.

भोसल्यांच्या अमलात या बाजूला आलेल्या एका घराण्यातले काका आहेत, नेपियर टाउनला राहतात. वयाने सत्तरीपुढचे, मोडी सफाईने वाचतात. त्यांनी एक दिवस फोन केला. “अरे, तू त्या विकीवर लिहितोस ना? मग त्यात टाक की, इथला मराठ्यांचा सगळा कारभार आमच्या घराण्याने बघितला. मी लिहून देतो.”

“काका, तुम्ही तुमच्याच घराण्याविषयी लिहिलेलं चालणार नाही. चर्चापानावर लिहा, कागद असेल तर दाखवा, दुसरं कुणीतरी बघून घालेल.”

“म्हणजे माझ्या खापरपणजोबांविषयी पुण्याचा कुठला पोरगा लिहिणार, आणि मी बघत बसू?”

“साधारण तसंच.”

ते दोन महिने बोलले नाहीत. मग नातीला हाताशी धरून त्यांनी चर्चापानावर भलामोठा मजकूर टाकला. निम्म्याहून जास्त भाग घराण्याच्या पराक्रमाचा, पण मधेच एका मोडी कागदाचा उल्लेख होता, घाटाच्या उतारहशिलाचा हिशेब, तारखेसकट. असं काही कुठल्या गॅझेटियरात मी वाचलेलं नव्हतं. मी हरखून त्यांच्याकडे गेलो. कागद खरा दिसत होता, कपाटात फडक्यात बांधलेला. पण विकिपीडियाला छापील, कुणीतरी तपासलेला आधार लागतो. घरातला कागद, कितीही अस्सल असला तरी, चालत नाही. हे मी त्यांना जमेल तितक्या मऊपणे सांगितलं. भारत इतिहास संशोधक मंडळाला कळवा, तिथल्या अभ्यासकाने वाचून प्रसिद्ध केला तर मग त्याचा संदर्भ देता येईल.

काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “थांब, मला नीट समजू दे. कागद माझ्या कपाटातला. तो मी पुण्याला पाठवायचा. तिथे कुणी तो छापायचा. मग तू त्या छापलेल्यावरून लिहिणार की जबलपुरात असा कागद आहे.”

“हो, काका.”

“ठीक आहे, पत्ता दे.” त्यांनी चष्मा चढवला, डायरी उघडली, मंडळाचं नाव आणि सदाशिव पेठ असं लिहून घेतलं, आणि पेन तसंच धरून विचारलं, “तिथे हे कागद बघणारा जो कोणी आहे, तो आपल्यातला आहे का?”